वाळक्या पानाचा पतंग: युडोसिमा शोधायचा आणि वाढवून बघायचा कसा

युडोसिमा शोधायला निघालेला माणूस सहसा पालापाचोळ्यात नजर खुपसून दिवस घालवतो आणि हात हलवत परत येतो. बसलेला पतंग ही या किड्याची सगळ्यात अवघड अवस्था आहे, तिथून सुरुवात करण्यात अर्थ नाही. सुरुवात गुळवेलीपासून करावी. वेलीवर अळी असते, ती दिसते, घरी वाढवता येते आणि तीन-चार आठवड्यांत तोच पतंग तुमच्या डोळ्यांदेखत कोषातून बाहेर येतो. वाळक्या पानाचं सोंग घेऊन तो बसतो कसा, हे एकदा हातभर अंतरावरून पाहिलं की जंगलातही नजर ठरायला लागते.

महाराष्ट्रात या गटातले दोन पतंग नेहमी भेटतात: युडोसिमा मॅटर्ना आणि युडोसिमा फॅलोनिया. दोघांचं वर्णन लिनियसने केलं, फॅलोनियाचं १७६३ मध्ये आणि मॅटर्नाचं १७६७ मध्ये. जुन्या पुस्तकांत आणि शेतीच्या पत्रकांत हेच किडे ‘ओथ्रेइस’ या नावाखाली सापडतील, आणि फॅलोनियाला तिथे ‘फुलोनिया’ म्हटलेलं असेल. गोंधळायचं कारण नाही, किडा तोच. संत्रा-मोसंबीवाले त्याला फळातला रस शोषणारा पतंग म्हणतात. एका बाजूला जंगलातलं वेषांतराचं उत्तम उदाहरण आणि दुसऱ्या बाजूला बागायतदाराची डोकेदुखी, असं दुहेरी आयुष्य तो जगतो, आणि ते नीट कळायचं तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

आधी वेल ओळखा

अळी खाते ती गुळवेलीच्या कुळातल्या वेलींची पानं. आपल्याकडे मुख्यतः तीन: गुळवेल, वासनवेल आणि पहाडवेल.

गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत असतं, देठ लांब आणि बुडाशी किंचित फुगलेला. पण नुसत्या पानावर जाऊ नका, हृदयाकृती पानांच्या वेली पावसाळ्यात ढिगाने उगवतात. खोड बघा. गुळवेलीच्या जून खोडाची साल कागदासारखी पापुद्र्याने सुटते आणि वरच्या फांद्यांवरून दोऱ्यासारखी बारीक मुळं जमिनीकडे लोंबत असतात. कडुनिंब, आंबा, बाभूळ अशा झाडांवर ती चढलेली असते. वासनवेल त्या मानाने बुटकी, कुंपणावर आणि बांधावर पसरणारी. तिच्या पानाला मखमली लव असते. शंका असेल तर पाच-सहा पानं वाटीभर पाण्यात चांगली चोळून ठेवा, वासनवेल असेल तर थोड्या वेळात पाण्याची हिरवी जेली होते. पहाडवेलीचं पान गोलसर असतं आणि देठ पानाच्या कडेला नाही तर थोडा आत, पाठीवर जोडलेला असतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

पॅसिफिक बेटांवर फॅलोनियाच्या अळ्या पांगाऱ्याच्या जातीच्या झाडांवर वाढतात, असं वाचायला मिळेल. ते खरं आहे, पण तिथलं. आपल्याकडे पांगारे तपासत बसू नका.

वेळ पावसाळ्याची. उन्हाळ्याच्या तोंडाला गुळवेलीची पानं झडून नुसता दोर उरतो. पाऊस लागला की नवी पालवी फुटते, आणि पालवी येऊन काही आठवडे झाले की अंडी-अळ्या दिसायला लागतात. जुलै ते ऑक्टोबर हा शोधायचा काळ, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून पुढे हमखास. जागा निवडताना दाट जंगलाच्या पोटात शिरण्यापेक्षा जंगलाची कड, ओढ्याचा काठ, जुन्या वाटेच्या दोन्ही बाजू बघा. तिथे वेलीला ऊन मिळतं, कोवळी पानं भरपूर असतात आणि ती तुमच्या हाताच्या उंचीवर असतात. सह्याद्रीच्या पायथ्याला, सातपुड्याच्या कडेला, विदर्भातल्या सागाच्या रानांत अशा जागा शोधाव्या लागत नाहीत, त्या रस्त्यालाच लागतात.

वेलीवर काय बघायचं

अंडं गोल, जेमतेम एक मिलिमीटरचं, फिकट पिवळसर-हिरवट. बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला, कधी एकटं, कधी घोळक्याने. ते शोधायला भिंग लागतं आणि चिकाटीही. त्यापेक्षा अळीच्या खाणाखुणा सोप्या. लहान अळी पानाचा हिरवा थर खरवडते, त्यामुळे पानावर जाळीदार किंवा पारदर्शक ठिपके उरतात. मोठी अळी कडेपासून खात आत येते आणि शिरांचा सांगाडा ठेवते. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे लेंड्या: खालच्या पानांवर मिरीच्या दाण्यासारख्या, ताज्या असतील तर ओलसर गडद हिरव्या. ताज्या लेंड्या दिसल्या की सरळ वर बघत जा. अळी त्याच वेलीवर, दोन-तीन फुटांच्या आत असते.

आता अळीची ढब. पूर्ण वाढलेली अळी पाच-सहा सेंटिमीटरची, मखमली, गडद तपकिरी ते काळपट (काही हिरवट-पिवळसरही निघतात). पोटाखालच्या मांसल पायांची पहिली जोडी खुरटलेली असल्यामुळे ती कमान करत चालते. अंगाच्या दोन्ही बाजूंना, पोटाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडावर, डोळ्यासारखे दोन मोठे ठिपके असतात: पिवळसर कडा, आत काळं बुबुळ आणि त्यात निळसर-पांढरी झाक. हात जवळ नेला की ती डोकं छातीखाली दुमडते, शेपटाकडची बाजू वर उचलते आणि पुढची कमान अशी वळवते की ते खोटे डोळे बरोबर तुमच्याकडे बघायला लागतात. पाखराला क्षणभर थांबवायला एवढं पुरतं. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ही पोझ ओळख पक्की करते, कारण गुळवेलीवर या डोळ्यांची आणि या वळणाची दुसरी अळी सहसा नसते. अंगावर केस नाहीत, ती चावत नाही, खाज आणत नाही. फार छेडली तर तोंडातून हिरवा रस टाकेल, तो धुतला की गेला.

सकाळी सात ते दहा ही शोधायला बरी वेळ. दुपारी मोठ्या अळ्या खोडाच्या सावलीच्या बाजूला किंवा वाळक्या पानांच्या गुंत्यात सरकतात. रात्री बॅटरी घेऊन गेलात तर त्या पानाच्या कडेवर उघड्यावर खाताना सापडतात, फक्त पायाखाली बघत चला. पावसाळ्यात वेलींच्या बुंध्याशी साप असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आणायच्या असतील तर एका वेलीवरून दोन-तीनच अळ्या घ्या, तिसऱ्या-चौथ्या कातेच्या, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटरच्या. नुकत्याच फुटलेल्या अळ्या घरी मरतात, आणि अगदी पूर्ण वाढलेल्यांमध्ये परजीवी गांधीलमाशीची अंडी शिरलेली असण्याची शक्यता जास्त. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ किड्यांपुरता सैल होत नाही. तशी गरजही नसते. गावाच्या बांधावरची, परसातली, रस्त्याकडेच्या कडुनिंबावरची गुळवेल पुरते.

घरी वाढवताना

सामान साधं आहे. दोन लिटरची रुंद तोंडाची पारदर्शक बरणी, तोंडावर बांधायला मलमलीचा तुकडा आणि रबर, तळाला टिपकागद. एका बरणीत जास्तीत जास्त तीन अळ्या. झाकणाला भोकं पाडून काम भागवायचा मोह होतो, पण पावसाळ्याच्या हवेत बरणीच्या भिंतींना पाणी सुटतं, लहान अळ्या त्या थेंबांत चिकटून मरतात आणि दोन दिवसांत बुरशी येते. मलमलीला पर्याय नाही.

पानं रोज ताजी. वेलीचा वीतभर तुकडा पानांसकट कापून छोट्या बाटलीत पाण्यात उभा केला तर दीड-दोन दिवस टवटवीत राहतो. बाटलीच्या तोंडात वेलीभोवती कापूस घट्ट कोंबायचा. हे सोडलं तर अळी देठावरून खाली उतरते, पाण्यात पडते आणि सकाळी मेलेली मिळते, दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी असंच होतं. पानं धुतली असतील तर पुसून कोरडी करा. रस्त्याकडेची धूळ बसलेली किंवा शेजारच्या शेतातल्या फवारणीचा शिंतोडा आलेली पानं टाळा. फवारणीचा संशय असेल तर आधी एकच अळी त्या पानांवर ठेवून दिवसभर बघा.

अळी ज्या वेलीवर सापडली तीच वेल शेवटपर्यंत. गुळवेलीवर वाढलेल्या अळीला मध्येच वासनवेल दिली तर ती अनेकदा तोंड लावत नाही आणि उपाशी फिरत राहते.

लेंड्या रोज काढायच्या, टिपकागद रोज बदलायचा, हात साबणाने धुवून मगच बरणीला लावायचा. हा सोवळेपणा वाटेल, पण अळ्यांचे विषाणूजन्य रोग घाणीतून आणि गर्दीतून पसरतात. रोग लागलेली अळी खाणं सोडते, मऊ पडते, फांदीला मागच्या पायांनी लटकते आणि तिच्या अंगातून काळपट पाणी गळतं. अशी एक दिसली की तिला आणि तिच्या बरणीतल्या पानांना बाहेर काढून जाळा किंवा खोल पुरा, बरणी गरम साबणाच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा आणि उरलेल्या अळ्या एकेकटीला वेगळ्या बरणीत ठेवा. औषधोपचार नावाची गोष्ट इथे नाही.

मध्येच एखादी अळी दिवसभर एकाच जागी निपचित बसली तर घाबरू नका. डोकं फुगल्यासारखं, रंग मळका: ती कात टाकायच्या तयारीत आहे. तिला उचलून ताज्या पानावर ठेवण्याचा उपकार करू नका. पायाचे आकडे तिने विणलेल्या रेशमाच्या गादीत रुतलेले असतात, ओढलंत तर कात अर्धवट अडकते आणि अळी वाचत नाही. जुनं पान तिच्यासकट राहू द्या, नवं पान शेजारी टेकवा. अळीला साधारणतः पाच अवस्था असतात, म्हणजे ती चार वेळा कात टाकते. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत आणलेल्या अळीत हा प्रकार एक-दोनदाच दिसेल.

आणखी एक दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतं. अळीच्या पाठीवर हिरवट-पिवळे बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि दोन दिवसांत ते फुगतात. ती अंडी नव्हेत. युप्लेक्ट्रस नावाच्या इवल्याशा गांधीलमाशीची ती पिल्लं आहेत, बाहेरून चिकटून अळीला शोषणारी. अळी गेलीच म्हणून समजा, पण बरणी फेकू नका. काही दिवसांत मलमलीखाली माशांचा थवा मिळेल, आणि जंगलात युडोसिमाची संख्या ताब्यात कोण ठेवतं याचं उत्तरही. वेलीवर काळी पडलेली अंडी सापडली तर ती याच नाटकाचा पहिला अंक: टेलेनोमस आणि ट्रायकोग्रामा या त्याहून लहान माश्या अंड्यातच अंडी घालतात. एक मादी काहीशे अंडी घालत असूनही रान पतंगांनी भरून जात नाही ते यांच्यामुळे.

उबदार पावसाळी हवेत अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळीचं खाणं दोन ते तीन आठवडे चालतं, कोष दहा ते पंधरा दिवसांचा. हवा गार झाली की सगळंच लांबतं.

कोष आणि त्यानंतरची खरी परीक्षा

खाणं संपलेली अळी आखडते, रंग फिका पडतो, बरणीभर अस्वस्थ फिरते. आता तळाशी तीन-चार सेंटिमीटर स्वच्छ वाळकी पानं पसरा आणि दोन-तीन हिरवी पानंही ठेवा. ती दोन पानं रेशमाने जोडून त्यांच्या मध्ये विरळ जाळं विणते आणि आत गडद तपकिरी, जवळजवळ काळा कोष होतो. पानं सोडवून आत डोकावू नका. निदान पहिले तीन दिवस तर नाहीच, कोषाचं कवच तेव्हा मऊ असतं. दोन-तीन दिवसांनी एकदा मलमलीवरून पाण्याचा हलका फवारा, तोही हवा कोरडी असेल तर. मुसळधार पावसाच्या आठवड्यात एक थेंबही नको.

बहुतेक जण इथपर्यंत सगळं नीट करतात आणि शेवटच्या रात्री पतंग गमावतात. कोषातून बाहेर आलेल्या पतंगाचे पंख ओल्या चिंधीसारखे असतात. त्याला लगेच खडबडीत उभ्या पृष्ठभागावर चढून पंख खाली लोंबकळत सोडावे लागतात, मग अंगातला द्रव शिरांमध्ये शिरून अर्ध्या-पाऊण तासात पंख पूर्ण ताणतात आणि पुढच्या काही तासांत कडक होतात. काचेवर किंवा प्लॅस्टिकवर त्याचा पाय ठरत नाही. तो घसरतो, पंख जमिनीवर चुरगळतात, तसेच वाळतात आणि तो पतंग कधीच उडत नाही. म्हणून कोष झाल्यावर आठव्या-नवव्या दिवशी पानांसकट त्याला उंच जागेत हलवा: किमान पंचवीस-तीस सेंटिमीटर उंचीचा जाळीचा पिंजरा, किंवा कपड्यांची जाळीदार टोपली उपडी घालून तिच्यात दोन खरखरीत काटक्या टेकवलेल्या. आठ-दहा सेंटिमीटर पंखविस्ताराचा पतंग आहे, जागा त्याच्या हिशेबाने हवी. बाहेर येणं बहुधा अंधार पडल्यावर होतं. खाली तांबूस-पिवळसर पाणी सांडलेलं दिसेल, ते रक्त नाही, कोषातला साठलेला मळ असतो.

त्याला ठेवून घ्यायचं ते एक-दोन दिवस. खायला पिकलेल्या केळ्याचा तुकडा, किंवा शंभर मिली पाण्यात दहा ग्रॅम साखर विरघळवून त्यात बुडवलेला कापूस. मग जिथून अळी आणली तिथेच, दिवस मावळल्यावर सोडा. सकाळी सोडलेला पतंग कोतवालाच्या आणि बुलबुलाच्या न्याहारीला जातो.

बसलेला पतंग वाचायचा कसा

पिंजऱ्यातल्या पतंगाकडे दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत बघा, कारण जंगलात इतका वेळ तो देणार नाही. पुढचे पंख घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले असतात आणि मागचे पूर्ण झाकलेले. पुढच्या पंखाचं टोक पानाच्या शेंड्यासारखं वळलेलं. त्यावरून एक तिरपी गडद रेघ जाते, ती पानाची मधली शीर वाटते, आणि बारीक आडव्या रेषांनी बाकीच्या शिरांचं काम केलेलं असतं. रंग वाळक्या पानाचा, पण एकसारखा तपकिरी नव्हे: कुठे जांभळट, कुठे हिरवट झाक, कुठे बुरशी धरल्यासारखे ठिपके. तोंडाशी दोन स्पर्शक पुढे आलेले असतात, ते पानाच्या देठासारखे दिसतात. फॅलोनियाच्या मादीचा पंख जास्त चित्रविचित्र असतो, नराचा त्यामानाने सपाट रंगाचा.

आता काडीने हलकेच डिवचा. पुढचे पंख झटक्यात पुढे सरकतात आणि मागचे भडक नारिंगी पंख उघडे पडतात. त्यावर काळा मोठा डाग आणि कडेला काळा पट्टा. मॅटर्नाचा मधला डाग गोल, ठसठशीत, फॅलोनियाचा वाकडा, स्वल्पविरामासारखा. दोघांना वेगळं करायची ही सगळ्यात सोपी खूण, म्हणून डिवचल्याशिवाय जात सांगायची घाई करू नये.

या नारिंगी रंगाचं काम नुसतं दचकवण्यापुरतं नाही. पतंग उडाला की पाखराच्या, आणि तुमच्याही, डोळ्यात नारिंगी रंग भरतो. आठ-दहा फुटांवर तो पाचोळ्यात पडतो, पंख मिटतो आणि नारिंगी रंग नाहीसा होतो. बघणारा नारिंगीच शोधत राहतो. यावर उपाय असा: पतंग उडाला की रंगाकडे न बघता तो उतरला ती जागा एखाद्या दगडाने किंवा बुंध्याने मनात पक्की करा, नजर न हलवता चालत जा, दोन पावलं अलीकडे थांबून खाली बसा आणि पानाऐवजी सावली शोधा. खरं वाळकं पान जमिनीवर कुठेतरी टेकलेलं, कुठेतरी उचललेलं असतं, त्याची सावली वेडीवाकडी पडते. छपरासारख्या बसलेल्या पतंगाची सावली दोन्ही बाजूंना सारखी असते. दोन्ही अंगांनी तंतोतंत सारखं वाळकं पान जंगलात जवळपास नसतंच.

दिवसा फसवणारे आणखीही आहेत. कलिमा फुलपाखरूही वाळक्या पानासारखं दिसतं, पण ते पंख पाठीवर उभे मिटून बसतं आणि दिवसा उडतं. ओरेसिया हे युडोसिमाचे भाऊबंद चार-पाच सेंटिमीटरचे, लहान, आणि त्यांच्या मागच्या पंखावर हा भडक नारिंगी-काळा प्रकार नसतो. त्यांच्या अळ्याही याच वेलींवर वाढतात, म्हणून बरणीतून अपेक्षेपेक्षा लहान पतंग निघाला तर तुमचं खाणं कमी पडलं असं लगेच समजू नका.

रात्री आमिषावर

पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग बघायची पद्धत युडोसिमाच्या बाबतीत फारशी भरवशाची नाही. तो दिव्यापेक्षा वासाला जास्त भुलतो. चार अतिपिकलेली केळी कुस्करून त्यात शंभर ग्रॅम गूळ आणि थोडं पाणी घाला, झाकण सैल ठेवून एक ते दीड दिवस आंबू द्या. बुडबुडे आणि आंबूस वास आला की तयार. जास्त दिवस ठेवलंत तर ते आंबट-कडू होतं आणि फक्त माश्या येतात. संध्याकाळी उजेड असतानाच जंगलाच्या कडेच्या आठ-दहा झाडांना छातीच्या उंचीवर तळहाताएवढा पट्टा फासा. पाऊस पडला तर सगळं धुऊन जाईल आणि मुंग्यांची रांग लागली तर पतंग टेकत नाही. त्या दिवसांत केळ्याचे किंवा पेरूचे काप सुतळीला ओवून फांदीखाली टांगणं बरं.

अंधार पडल्यावर पहिले तीन-चार तास महत्त्वाचे. अर्ध्या-अर्ध्या तासाने फेरी मारा. बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद लावा आणि झोत खोडावर थेट न मारता बाजूने सरकवत आणा. पतंग असेल तर आधी त्याचे डोळे दिसतात, निखाऱ्यासारखे नारिंगी-लाल. खाताना तो एरवीपेक्षा धीट असतो, दोन-तीन फुटांपर्यंत जाऊ देतो. फोटो काढताना फ्लॅश समोरून न मारता बाजूने द्या, नाहीतर शिरेची रेघ आणि पंखाचा उतार सपाट होऊन जातो. नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि जवळ कोणती वेल होती हे चारही असू द्या. चौथी गोष्ट लोक विसरतात आणि पुढे तीच उपयोगी पडते.

बागेत तो काय करतो

बहुतेक पतंगांची सोंड मऊ, मध चोखण्यापुरती. युडोसिमाची सोंड दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब, टोकाशी कडक आणि करवतीसारख्या दातांची. ती संत्र्याची, मोसंबीची, डाळिंबाची धड साल भेदते. फळावर टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. भोकाभोवती मऊ तपकिरी वर्तुळ होतं, फळ दाबलं तर भोकातून रस उडतो. पुढे त्यातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि फळ गळतं. फळमाशीशी गल्लत होते, म्हणून फळ कापून बघा: आत अळ्या असतील तर फळमाशी, नुसता कोरडा-स्पंजी किंवा सडका भाग असेल तर पतंग. एकदा भोक पडलं की ज्यांना स्वतः साल भेदता येत नाही असे दुसरे पतंगही त्यावर येतात. त्यामुळे रात्री फळावर दिसणारा प्रत्येक पतंग मूळ गुन्हेगार नसतो.

नागपूर-अमरावती पट्ट्यात, वरूड-मोर्शीकडे, अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची, फळं पाऊस सरता सरता पिकायला लागतात आणि नेमकी तेव्हाच जंगलातली पतंगांची संख्या भरात असते. सातपुड्याला लागून असलेल्या बागांना त्रास जास्त होतो तो यामुळे. अळी बागेत नसते, पतंग रात्री बाहेरून येतो आणि पहाटेआधी निघून जातो. ही एक गोष्ट लक्षात घेतली की कोणता उपाय चालेल हे आपोआप ठरतं. फळांवर कीटकनाशक मारून फारसं साधत नाही: पतंग फक्त सोंडेचं टोक आत घालतो, रोज रात्री नवे येतात, आणि काढणीला आलेल्या फळावर विषाचा अंश उरतो तो वेगळाच.

बागेच्या बांधावरची गुळवेल-वासनवेल काढण्याची शिफारस नेहमी केली जाते. बांधापुरती ती ठीक, पण पतंग दूरवरून उडत येतात, तेव्हा शेजारच्या रानातल्या वेली तोडायला जाणं फुकट आहे, आणि वनजमिनीवर बेकायदा. त्यापेक्षा गळलेली फळं रोज सकाळी वेचून खड्ड्यात पुरा. आंबलेल्या फळाचा वास हेच त्याचं आमंत्रण असतं, वर केळ्या-गुळाचं आमिष बनवताना ते पाहिलंच. जंगलाच्या बाजूच्या ओळींची काढणी आधी करा. अंधार पडल्यावर दोन माणसं बॅटरी आणि हातजाळी घेऊन त्याच ओळींत फिरली तर चमकणाऱ्या डोळ्यांवरून बरेच पतंग हाती लागतात. डाळिंबासारख्या बुटक्या झाडांवर फळाला पिशवी घालणं सगळ्यात खात्रीचं, उंच संत्र्यावर मजुरीचं गणित जमत नाही. झाडावर जाळी टाकायची असेल तर ती आधार लावून फळांपासून चार बोटं दूर ताणा. फळाला टेकलेल्या जाळीवर पतंग आरामात बसतो आणि तिच्या भोकातून सोंड घालून रस पितो.